विनाघंटा विद्यालयाचा दाखला

अराद, शुक्रवार

प्रिय गंधार,

तुझी आठवण करून देणारी मेल काल पुन्हा आली. आधीच्यांसारखीच नम्र, प्रत्येक मुद्द्यापुढे काळा ठिपका, आणि शेवटी 'थँक्स इन ॲडव्हान्स'. स्वतःच्या आईचे आगाऊ आभार मानणारा मुलगा माझ्याच घरात वाढला आणि मला पत्ता लागला नाही, यावरून आपल्या शाळेच्या दर्जाविषयी लोकांनी काय तो अंदाज बांधावा. मी मेलवर उत्तर देत नाहीये. मराठीत, हाताने लिहितेय. कारण आखातातल्या या बेटावर माझ्या ओळखीच्या घरांत तुझ्या वयाची जेवढी मुलं आहेत, त्यांतल्या एकालाही हे पत्र वाचता आलं नसतं. आई मराठीत विचारते, मूल इंग्रजीत उत्तर देतं आणि संवाद छान चालला आहे असं दोघांनाही वाटतं. तू वाचू शकतोस. उत्तर इंग्रजीतच देशील, पण वाचशील. शिवाय तुझ्या स्मिताआत्याला चष्मा लावूनही माझं अक्षर लागत नाही, तेव्हा ह्यूस्टनच्या त्या घरात हे पत्र उघडं पडलं तरी तुझं एकट्याचंच राहील.

मागणी साधी आहे, असं तू प्रत्येक मेलमध्ये लिहितोस. आहेच साधी. तुला अमेरिकेच्या नौदलात भरती व्हायचंय. घरी शिकलेल्या मुलांना तिकडे आता शाळेत शिकलेल्यांच्याच रांगेत उभं करतात, हा त्यांचा मोठेपणा. अट एवढीच, की ज्या पालकानं शिकवलं त्यानं गुणपत्रक करायचं, विषय लिहायचे, त्यापुढे श्रेणी लिहायची, शिक्षण कुठल्या तारखेला पूर्ण झालं ते लिहायचं आणि खाली सही करायची. ते नसेल तर तू मधेच शाळा सोडलेला मुलगा ठरतोस. मग ती वेगळी परीक्षा द्यायची आणि दुसऱ्या फळीत जाऊन बसायचं, जिथे जागा थोड्या आणि तुला हवं असलेलं जखमींची शुश्रूषा करायचं काम मिळेल याची खात्री नाही. तुला अठरा पूर्ण झालीत, त्यामुळे आईची परवानगी लागत नाही. मुख्याध्यापिकेची लागते. गंधार, सरकारी कागदांची टिंगल करून मी आजवर चार लोकांना हसवत आले, पण इतका नेमका विनोद मला कधी सुचला नव्हता. आईला कुणी विचारत नाही आणि मुख्याध्यापिकेवाचून सगळं अडलंय, आणि दोघी एकाच बाथरूमच्या आरशात दात घासतात.

तुझा तो भरती अधिकारी मोठा गोड माणूस आहे. त्याचा फोन आला तेव्हा मी कुकर चढवला होता. 'मॅम, इज धिस द स्कूल?' असं त्यानं विचारलं. मी गॅस बारीक केला आणि म्हटलं, येस, स्पीकिंग. शाळा कुठल्या राज्यात येते म्हणाला. मी म्हटलं, अराद, मुहर्रक, दुसरा मजला, लिफ्ट बंद असते. विद्यार्थी किती? एक. शिक्षक? एक पूर्णवेळ, एक फक्त शुक्रवारी. त्या शुक्रवारच्या शिक्षकांशी बोलता येईल का, असं त्यानं विचारलं आणि विचारता विचारताच जीभ चावली. मग म्हणाला, 'आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस, मॅम.' म्हणजे तू त्याला सांगितलं आहेस. बाबा गेल्याचं त्या दिवसानंतर तू माझ्याशी एकदाही बोलला नाहीस, आणि टेक्सासमधल्या त्या पोराला सांगितलंस. मी फोन ठेवला. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीची पार खीर झाली.

तर शाळेचा इतिहास. दाखल्यात तो मागितलेला नाही, पण संस्थापिका या नात्यानं तेवढा हट्ट मला करू दे. तू दुसरीत होतास. त्या दिवशी पी.टी. होती आणि पांढरे मोजे हवे होते. तुझ्या पांढऱ्या मोज्यांना वर एक निळी रेघ होती. बाईंनी तुला वर्गाबाहेर उभं केलं आणि तू तिथे, त्या उन्हाच्या व्हरांड्यात, जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभा राहिलास, कारण आत ये असं कुणी म्हणालंच नव्हतं. मी न्यायला आले तेव्हा तू मला सांगितलंस, 'आई, रेघ आतल्या बाजूला दुमडली असती तर चाललं असतं.' माझं डोकं फिरलं ते बाईंमुळे नाही, या वाक्यामुळे. सात वर्षांचं पोर, आणि त्याला अन्याय दिसत नाही, घडी चुकलेली दिसते. दुसऱ्या दिवशी मी तुझं नाव काढलं. बाबा म्हणाला, इरा, मोज्यांसाठी शाळा सोडायची? मी म्हटलं, मोज्यांसाठी शाळा ते चालवतायत, मी नाही. संध्याकाळी त्यानं घरी येऊन गंभीरपणे नाव जाहीर केलं: 'अराद विनागणवेश, विनाघंटा, विनाअनुदानित विद्यालय.' आणि स्वतःची नेमणूक तपासणीला येणाऱ्या दिपोटीसाहेबांच्या जागी करून घेतली, दर शुक्रवारी, चहा आणि फरसाणाच्या लाचेवर.

तू विसरला नसशील. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरून बेल वाजवायचा. 'मुख्याध्यापिकाबाई, मुलांची संख्या समाधानकारक आहे का?' मी म्हणायचे, साहेब, शंभर टक्के हजेरी आहे, तो टेबलाखाली बसलाय. तू जेवणाच्या टेबलाखालूनच उत्तरं द्यायचास. वर डोकं काढायची सक्ती नव्हती. आपल्या छपरावरून उतरणाऱ्या विमानांवरून भूगोल शिकवला. शेपटीवरचं चित्र बघून देश सांगायचा, मग ते शहर नकाशात शोधायचं आणि तिथे आत्ता किती वाजले असतील ते ठरवायचं. भरती-ओहोटी अरादच्या किल्ल्यामागच्या उथळ पाण्यात, पोहणं झल्लाकच्या किनाऱ्यावर. गुण द्यायचे नाहीत, हे शाळेचं पहिलं आणि एकमेव कलम. गुणांऐवजी मी दोन ओळी लिहायचे आणि साहेब त्याखाली बटाट्याचा शिक्का मारायचे. दरवर्षी नवा बटाटा, त्यात चाकूनं उलटी कोरलेली अक्षरं. एका वर्षी तो अक्षरं उलटी कोरायला विसरला, तेव्हा तू तुझा निकाल आरशासमोर धरून वाचलास आणि परावर्तन हा धडा आपोआप झाला. मला फार अभिमान होता, गंधार. माझ्या मुलाला कुणी रांगेत उभं करत नाही, कुणी तपासत नाही, घंटा वाजली म्हणून याचं पुस्तक मिटत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही मी हे ऐकवत असे. त्या तिळगूळ घेऊन लवकर निघून जात.

आणि तू मला काय पाठवलंस? व्हिडिओ. नौदलातले नवे जवान मोजे कसे गुंडाळतात त्याचा. घट्ट, एका मापाचे, तोंड एका बाजूला, आणि एक माणूस कमरेवर हात ठेवून ते तपासत चाललाय. खाली तू लिहिलं होतंस, 'आय लाइक दॅट समबडी चेक्स.' कुणीतरी तपासतं, हे तुला आवडतं. मी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला, की आता फोन मला आपणहून मोज्यांच्या जाहिराती दाखवतो. दहा वर्षं मी ज्या गोष्टीच्या विरोधात शाळा चालवली, त्या गोष्टीला माझ्या एकुलत्या एका माजी विद्यार्थ्यानं जन्म वाहायचा ठरवला. जगातली कुठलीही शाळा इतकी संपूर्ण नापास झाली नसेल. शंभर टक्के निकाल.

इकडची खबर अशी. व्हिसा बाबाच्या नोकरीवर होता, तेव्हा तो संपला म्हणजे मीही इथली संपलेच. कंपनीनं मुदत वाढवून दिली, माणसं चांगली आहेत, पण मुदत म्हणजे मुदत. या महिन्याअखेर फ्लॅट सोडायचाय. नाशिकला मामाकडे वरची खोली रिकामी आहे. घरातलं सामान एकेक करून जातंय. टेबल महादेवनं नेलं, खालचा आपला महादेव, मालवणचा, पाण्याचा टँकर चालवतो तो. 'वैनी, ह्या टेबल माका देवा, श्रेयाक अभ्यासाक होया.' मी म्हटलं, ने, पण लेक टेबलाच्या वर बसते की खाली? तो म्हणाला, 'वर बसता, वैनी, खुर्चेर. ती शाळेत जाता.' काही वाईट हेतू नव्हता रे त्याचा. जिना उतरताना तो आणि त्याचा मित्र टेबलाचा पाय वळवायला धडपडत होते आणि मला दिसलं, खालच्या फळीवर तू पेन्सिलनं विमानं काढून ठेवलीयत. दाटीवाटीनं, एकामागे एक, उतरायला रांगेत उभी. त्या वयातसुद्धा रांगेत. मी त्यांना थांबवलं नाही. महादेवनं वर येऊन विचारलं, झिलाक फोन लावून देऊ काय? मी म्हटलं, तो ड्युटीवर आहे. अजून लागलेला नाहीस, पण माझ्या तोंडून तेच आलं.

आता जे मी फोनवर बोलू शकत नाही ते. बाबाला झटका आला तेव्हा तू सोळाचा होतास. त्याचा उजवा हात गेला, आणि शब्द गेले. ज्या माणसाच्या तोंडाला खीळ नव्हती तो 'पाणी' म्हणायला जाऊन 'पेन' म्हणू लागला, मग तेही थांबलं. तेव्हापासून आपली शाळा सलमानियाच्या रुग्णालयात भरायला लागली. आठवडेच्या आठवडे. मी त्या काळात काय करत होते ते मला नीट आठवत नाही. बाकावर बसायचे. घरी आले की गॅस पेटवून विसरायचे. तू मात्र पाहत होतास. सिस्टर किती वाजता येतात, जाणारी येणारीला काय सांगते, कुठल्या क्रमानं सांगते. आधी नाव, मग पलंग, मग रात्र कशी गेली, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं. तू तो क्रम पाठ केलास. मी तुला शिकवलेल्या कुठल्याही कवितेपेक्षा पक्का.

झोहरा सिस्टर तुला आठवते, हे मी विचारत नाही. हैदराबादची, जाडजूड, दुपारपाळीला यायची आणि पहिला प्रश्न तुला. 'क्या डॉक्टरसाब, अब्बा का रिपोर्ट देते क्या?' ती थट्टाच असायची. खरा रिपोर्ट तिला सकाळच्या सिस्टरकडून मिळालेला असे. पण तू उठून उभा राहायचास आणि सगळा क्रम सांगायचास, पेज किती घेतली, डावा पाय किती वेळा हलवला, कुणाला बघून हसला. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, 'ठीक है. मैं ले ली. तुम छूटे.' म्हणजे रिपोर्ट घेतला, आता पाळी तिची, तू सुटलास. मग तू खाली बसायचास. त्याच्या आधी नाही. मी तेव्हा मनात म्हणायचे, हे काय पोराला यंत्र करतायत. मला वाटे, घरी नेलं की सुटेल ही सवय.

सुटली नाही. तू पुढे सगळं तिच्याच दिशेनं नेलंस. जुफेरच्या अमेरिकी नौदलाच्या तळावरचे ते पोरगेलेसे खलाशी आधी पण दिसायचे, शावरमाच्या गाडीपाशी, आणि तू कधी मान वळवून बघितलं नव्हतंस. बाबा गेल्यावर मात्र तू त्यांच्याशी बोलायला लागलास. बंदुकीबद्दल नाही. त्यांच्यातला जखमी झालेल्यांना सांभाळणारा कोण असतो, त्याची पाळी किती तासांची, त्याच्यानंतर कोण येतो. तुला अमेरिका आवडते असंही नाही. तिचं तुझ्यावरचं ऋण काय, तर बाबाच्या एका प्रोजेक्टपायी तिकडे झालेला जन्म आणि पहिल्या लशी. आमच्या पासपोर्टावर सिंह, तुझ्यावर गरुड, विमानतळावर आपली रांग वेगळी, एवढाच आपल्या घरातला परराष्ट्र व्यवहार. मी तुला विचारलं होतं, उद्या कुणाच्या तरी भांडणात, कुठल्या तरी वाळूत, कुणासाठी जाशील? तू म्हणालास, 'हू एव्हर इज ऑन द फ्लोअर, आई.' जो पडलेला असेल त्याच्यासाठी. मला टोमणे येतात, उत्तरं येत नाहीत. आणि हे सुद्धा मला माहीत आहे, की पडलेल्यांकडे धावणाऱ्यावरही गोळ्या झाडल्या जातात. हे तुला कुणी व्हिडिओत दाखवणार नाही. बाबा असता तर त्यानं हे हसत हसत सांगितलं असतं आणि तुला पटलं असतं. मी सांगितलं की भांडण वाटतं.

गुणपत्रकाचा कोरा नमुना तू पाठवलास तेव्हापासून तो फ्रिजवर लावलेला आहे. आता फ्रिजही उद्या जाईल. मी सुरुवातीला फार तात्त्विक झाले. म्हटलं, ज्या शाळेनं गुण द्यायचे नाहीत असं ठरवलं, तिनं शेवटच्या दिवशी श्रेणी वाटायच्या? मग त्याहून चांगली पळवाट सापडली. नियमात लिहिलंय, शिक्षण शेवटपर्यंत पालकाच्या देखरेखीखाली झालेलं असावं. शेवटच्या वर्षी मी कसली देखरेख केली? मी खरं लिहून टाकणार होते: या वर्षी विद्यार्थ्याला शाळेनं काहीही शिकवलं नाही, तो रुग्णालयात होता. अक्षर न् अक्षर खरं. मुख्याध्यापिका प्रामाणिक ठरली असती, तू दुसऱ्या फळीत गेला असतास, कंटाळून नाशिकला आला असतास. मी सुवाच्य अक्षरात तसं लिहिलंसुद्धा, पाकिटात घातलं, कुरियरवाल्या मुलानं बेल वाजवली आणि मी त्याला खलास, आज नाही, म्हणून परत पाठवलं.

शिक्का मात्र मारता येणार नाही. प्रयत्न केला. बाबाचा तो छोटा चाकू घेतला, बटाटे घेतले, अक्षरं उलटी कशी काढायची तेच जमेना. 'वि' काढता काढता बटाटा फुटतो. शेवटी त्यांची भाजी केली, एकटीला दोन दिवस पुरली, अजून उरलीच आहे.

तर दाखला सोबत आहे, आणि हे पत्र त्यातल्या एका रकान्यासाठी लिहायला घेतलं. श्रेणींबद्दल तुला कुणी काही विचारणार नाही. भूगोल, गणित, मराठी, पोहणं, सगळं नीट भरलंय आणि देखरेखीच्या वाक्याखालीही सही केलीय. पण शिक्षण पूर्ण झाल्याची तारीख त्या गोड माणसाच्या डोळ्यांत भरेल. तू लिहिलं होतंस, मे महिन्यातली कुठलीही टाक. मी जानेवारीतला तो मंगळवार टाकला आहे. तो विचारेल, शाळा असल्या आडवारी संपते का, तर तुला माहीत असावं. त्या दुपारी मी चहा आणायला खाली गेले होते. वर आले तेव्हा बाबाच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता आणि झोहरा नुकतीच पाळीवर येऊन, काही माहीत नसताना, नेहमीच्या सुरात विचारत होती, रिपोर्ट देते क्या. मी पडद्याच्या बाहेर होते, दोन्ही हातांत कागदी कप. तू उभा राहिल्याचा आवाज आला. तू सांगितलंस. नाव. पलंग. सकाळपासून श्वास कसा होता. डॉक्टर कधी आले. 'ही इज गॉन, सिस्टर.' डॉक्टर कागद लिहायला गेलेत. चष्मा माझ्या खिशात आहे. आई खाली गेलीय, तिला माहीत नाही, मी सांगेन, तिला आधी बसायला खुर्ची द्या. सगळं त्याच क्रमानं, त्याच आवाजात, एकही शब्द न सांडता. झोहरानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'ठीक है, बेटा. मैं ले ली. तुम छूटे.' आणि तू बसलास. मी मागच्या मागे लिफ्टपर्यंत गेले, तिथे उभी राहिले आणि जणू आत्ताच येतेय अशी परत आले. तू पुढे होऊन आधी माझ्या हातातले कप घेतलेस, मग सांगितलंस. मला तेव्हा माहीत होतं, हे तुला आज कळतंय. तो आवाज मी तुला शिकवला नव्हता. त्यानंतर तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही, म्हणून ती तारीख. मला पटलेलं नाही, गंधार. यात गैरसमज नको. सही केली आहे, पटलेलं नाही. अभिप्रायाचा रकाना त्यांच्या नमुन्यात नाही, म्हणून इथेच देते, तुझ्याच क्रमानं. खांबेटे, गंधार शिरीष. वय अठरा. ताप आला तर सांगत नाही, कान लाल होतात त्यावरून ओळखावं. आत ये म्हटल्याशिवाय आत येत नाही, उन्हात उभा राहील. वडील गेल्यापासून रडलेला नाही, यावर लक्ष ठेवावं. एवढा रिपोर्ट. मी पडद्याबाहेर उभी आहे आणि आतून कुणी 'घेतला' असं म्हणत नाहीये.

तुझीच, अजून न सुटलेली,
आई